एका रॉक गार्डनच्या चार कडा: कळंब्याजवळच्या बंगल्यातलं प्रकरण

कोल्हापूरच्या कळंबा तलावाकडून कात्यायनी मंदिराच्या दिशेनं जाताना जमीन हळूहळू चढत जाते. वर मुरूम, त्याखाली काळा दगड. अशाच एका चढावर बांधलेल्या बंगल्यातली ही गोष्ट. पाया खोदताना तिथं बरेच गोल गोटे निघाले. आपल्याकडचा बेसॉल्ट हवापाण्यानं झिजताना कांद्यासारखा पापुद्र्यापापुद्र्यानं सुटतो आणि आत कठीण गोटा उरतो, त्यातलेच हे. ठेकेदार ते ट्रॉलीनं उचलून न्यायला तयार होता. घरच्या काकूंनी अडवलं. काका नोकरीतून निवृत्त, काकूंना झाडांचा नाद. गोटे ठेवायचे आणि त्यांचं रॉक गार्डन करायचं, असं घरात ठरलं.

काकांच्या डोक्यात सुरुवातीला चंडीगड होतं. नेकचंद यांनी टाकाऊ वस्तूंतून उभी केलेली आणि १९७६ साली लोकांसाठी खुली झालेली ती बाग त्यांनी पाहिली होती, त्यामुळे रॉक गार्डन म्हणजे फुटक्या बशा आणि पुतळे, असा त्यांचा समज होता. काकूंना हवा होता तो प्रकार वेगळा: दगडांच्या बेचक्यांत, निचऱ्याच्या मातीत, कमी पाण्यावर वाढणारी झाडं. अडेनियम, घायपात, कोरफड, दोन-तीन जातींचे निवडुंग, पानफुटी, आणि दगडांवरून खाली उतरणारा चिनी गुलाब.

वाफा तयार झाला, झाडं लागली, आणि कडेला बागकाम करणाऱ्यानं सवयीनं विटा लावल्या. तिरप्या, एकीच्या खांद्यावर दुसरी, वर चुन्याचा हात. सरकारी विश्रामगृहापासून शाळेच्या मैदानापर्यंत सगळीकडे दिसणारी ही पद्धत. पहिला पावसाळा गेला आणि मला बोलावणं आलं. मी बागांची आखणी आणि दुरुस्तीची कामं घेते.

काय दिसलं

वाफ्याचा आकार घेवड्याच्या दाण्याचा. पूर्वेला गाडी आत येण्याचा पेव्हर ब्लॉकचा रस्ता, तिथली कड सरळ, १४ फूट. उत्तरेला हिरवळ, वळणावळणाची २३ फूट. दक्षिणेला कंपाउंडची भिंत. पश्चिमेला, म्हणजे उताराच्या तळाला, परसबाग. तिची माती मळ्यातून आणलेली, पक्की काळी. पूर्व टोकापासून पश्चिम टोकापर्यंत जमीन १४ इंच उतरते. नुसत्या डोळ्याला हा उतार जाणवत नाही. पातळी बघायला पाणी भरलेली पारदर्शक नळी धरली तेव्हा काकाही चमकले.

हिरवळीच्या बाजूनं हरळी विटांच्या फटींतून आणि खालून वाफ्यात शिरली होती, तीही थेट दगडांच्या बुडाशी. तिथून ती उपटायची म्हणजे दगड हलवावा लागतो, आणि दगड हलवला की शेजारच्या निवडुंगाची मुळं उघडी पडतात. रस्त्याच्या बाजूला गाडीचं चाक लागून पाच-सहा विटा आडव्या झालेल्या, बारीक खडी पेव्हरवर पसरलेली. तळाच्या बाजूला विटांची रांग चक्क बांध झाली होती. वरून वाहून आलेलं पाणी तिथं तुंबलं, त्यात मुरमाचा गाळ बसला, आणि नेमक्या तिथं लावलेल्या दोन अडेनियमचे बुंधे कुजले. भिंतीकडे विटा जशाच्या तशा होत्या. तिथं त्यांना काही कामच नव्हतं.

ही पाहणी झाल्यावर माझं मत तिथंच पक्कं झालं. या वाफ्याला एक बॉर्डर निवडायचीच नव्हती. उत्तरेला शत्रू गवत, पूर्वेला चाक, पश्चिमेला पाणी, दक्षिणेला कोणीच नाही. चारही बाजूंना एकच सामान लावलं तर ते एका बाजूला उपयोगी, दुसरीकडे निरुपयोगी आणि तिसरीकडे घातक ठरणार, आणि तसंच झालं होतं. शिवाय दिसण्याचा मुद्दा आहेच. आपण डोंगराचा एखादा तुकडा उचलून अंगणात ठेवल्याचा भास तयार करतो, आणि मग त्याच्याभोवती गोल पट्टी मारतो. भास तिथंच मोडतो.

घरातली मतं

काकूंचं म्हणणं, "विटाच नीट बसवून द्या, चुना दिला की स्वच्छ दिसतं." काकांना जांभा हवा होता. त्यांचं गाव पन्हाळ्याकडचं, चिऱ्याच्या भिंतींत बालपण गेलेलं. आणि गवंडी, ज्यांना सगळे मामा म्हणत, त्यांचं उत्तर तयार होतं: "ताई, चारीबाजूनं शिमिटाची पट्टी मारून टाकूया. विषयच संपला."

तिघांचंही ऐकून घेण्यासारखं होतं, म्हणून एकेक सामान घेऊन बसलो.

विटेचं पहिलं. उभी गाडलेली चांगली भाजलेली वीट हिरवळीच्या कडेला वाईट नसते, पण प्रत्येक सांधा म्हणजे हरळीला दार. सांधे सिमेंटनं भरले तर पश्चिमेच्या काळ्या मातीवर ते तडकतात, त्याचं कारण पुढं येतं. शिवाय आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच विटा ओल धरून दोन-तीन पावसाळ्यांत पापुद्रे सोडायला लागतात. चुन्याबद्दल मी काकूंना एवढंच विचारलं, की काळ्या गोट्यांसमोर पांढरी शुभ्र रेघ असली तर आधी नजर कुठं जाईल? त्या हसल्या. तो विषय तिथंच मिटला.

सिमेंटच्या पट्टीला मी नाही म्हटलं ते फक्त दिसण्यामुळे नव्हे. पश्चिमेची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि एप्रिल-मेमध्ये आकसते, तेव्हा तिच्यात बोट जाईल अशा भेगा पडतात. अशा मातीवर अर्धा फूट रुंदीची, सलग, बिनगजाची पट्टी टाकली की ती वर्षभरात तडकते. मग त्या तडकलेल्या पट्टीला डागडुजी, तिला पुन्हा तडा. सुटा दगड मातीबरोबर हलतो, कलला तर पहारीनं सरळ करता येतो. मामांना हे पटायला वेळ लागला नाही. परसबागेत नळाजवळचा त्यांनीच बांधलेला हौदाचा कट्टा तडकलेला समोर दिसत होता. ते त्याच्याकडे बघून म्हणाले, "मातीच तसली हाय की ओ."

जांभ्यावर मात्र मी बराच वेळ अडले, कारण तो चांगला पर्याय होता. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, उघड्यावर राहिला की कठीण होतो. कापायला सोपा, रंग सुंदर, आणि पावसाळ्यात त्याच्या छिद्रांत शेवाळ धरलं की हिरवा-तांबडा जो मेळ होतो, तो दुसऱ्या कुठल्या दगडाला साधत नाही. काकांचा आग्रह मला कळत होता. पण पन्हाळ्यावर किंवा त्याच्या जवळच्या मसाई पठारावर गेलेल्याला ठाऊक असतं की तिथं जांभा माथ्यावर आहे आणि काळा कातळ त्याच्या खाली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा खाली, आणि त्याच्या झिजण्यातून तयार झालेलं तांबडं टोपण वर. आपण वाफ्यात काळे गोटे वर ठेवून खाली जांभ्याची रांग लावली तर डोंगर उलटा झाला. हे कुणी मुद्दाम बघणार नाही, हे मान्य. पण ज्याचे डोळे घाटावर तयार झालेत त्याला काहीतरी खटकत राहतं, आणि काकांचे डोळे तसेच होते. हे सांगितल्यावर त्यांनीच सुचवलं, की मग जांभा वापरायचाच तर परसबागेच्या वाफ्यांना वापरू. तिथं तो आज शोभून दिसतो.

कडाप्पा एका वाक्यात निकालात निघाला: उभा लावलेला कडाप्पा दिसतो स्वयंपाकाच्या ओट्याच्या उरलेल्या तुकड्यासारखा, आणि खुरपं लागलं की त्याचा कोपरा उडतो. प्लॅस्टिकची गुंडाळी येते ती उन्हानं ठिसूळ होते. लाकडी ओंडक्यांना वाळवी. नदीतले गुळगुळीत गोटे कुणीतरी सुचवले होते; ते नदीतून उचलणं योग्य नाही, आणि पायाच्या खडबडीत गोट्यांशेजारी ते परकेच दिसले असते. मसाई पठारावरून एखादा दगड, एखादं झाड आणायचा मोहही बऱ्याच जणांना होतो. तिथल्या कातळावरच्या झाडांचं आयुष्य त्या कातळावरच असतं. ती तिथंच राहू द्यावीत.

उत्तर बाजू: हरळी

सगळ्यात जास्त विचार इथं केला, म्हणून जरा सविस्तर सांगते. हरळी दोन वाटांनी येते. जमिनीवरून धावणाऱ्या वेलांनी, आणि जमिनीखालून जाणाऱ्या पांढऱ्या खोडांनी. नुसती उंच कड वेल थोपवते, खालून काही थोपवत नाही. नुसती खोल कड खालची वाट बंद करते, वरून वेल सहज उडी घेतात. दोन्ही हवं, आणि मध्ये सांधा नको. वळणाच्या कडेला सांधा नसलेलं सामान म्हणजे लोखंडाची पट्टी.

कोल्हापुरात हे काम करून घेणं सोपं आहे. फाउंड्री आणि फॅब्रिकेशनच्या या गावात उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीत पत्रा कापून, वाकवून, वेल्ड करून मिळतो, आणि असल्या किरकोळ कामाला कुणी नाक मुरडत नाही. ४ मिलिमीटर जाडीच्या, ८ बाय ४ फुटांच्या पत्र्यातून ६ इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापून घेतल्या. अशी पट्टी मीटरला पावणेपाच किलोच्या आसपास भरते, म्हणजे तीन पट्ट्या मिळून साधारण ३५ किलो. यापेक्षा पातळ पत्रा घेतला तर ठोकताना काठ लाटा घेतो आणि मातीत लवकर कुजतो. जाड घेतला तर वळण हातानं येत नाही.

नातवंडं अनवाणी हिंडणारी. पत्र्याची उघडी धार पायाला लागली असती, म्हणून वरच्या काठावर ८ मिलिमीटरचा गुळगुळीत गोल गज वेल्ड करून घेतला. हे काम सांगितल्याशिवाय कुणी करत नाही, आणि त्याशिवाय लोखंडी कड घरात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. गज हिरवळीकडच्या अंगाला गोलाई देतो, आणि कडेनं गवत कापताना कात्रीला टेकू मिळतो. पट्टी जागेवर धरायला वाफ्याच्या अंगानं दर ३ फुटांवर सळईची खुंटी. पट्टी जमिनीत ५ इंच, वर १ इंच. रंग दिला नाही. पहिल्याच पावसात ती तांबूस झाली आणि आता हिरवळ आणि खडी यांच्यामध्ये एक बारीक तपकिरी रेघ दिसते. पाच पावलांवरून तीही दिसत नाही. काकूंना सुरुवातीला गंज म्हणजे घाण वाटली होती. फरशीला लागून पट्टी असती तर डाग पडले असते आणि मीही ती लावली नसती. इथं दोन्हीकडे माती.

पूर्व बाजू: चाक आणि सरळ रेघ

इथं घडीव दगड. ज्या शहरात न्यू पॅलेस आहे, पंचगंगेचा घाट आहे, तिथं काळ्या घडीव दगडाचं कौतुक वेगळं सांगायला नको. पण घडीव दगड माणसाच्या बाजूचा असतो: भिंत, पायरी, रस्ता. रॉक गार्डनमध्ये तो निसर्गाच्या बाजूला गेला की बेगडी दिसतो. पूर्वेची कड मात्र रस्त्याची होती, आधीच सरळ होती, म्हणून तिथं तो शोभला.

साधारण ९ इंच लांब आणि ६ बाय ६ इंच जाडीच्या १९ खांडक्या, एका अंगानं टाकीनं (छिन्नीनं) घडवलेल्या. त्या अर्ध्या जमिनीत, अर्ध्या वर. खाली ठोकलेला मुरूम, आणि फक्त याच बाजूला वाफ्याच्या अंगानं सिमेंट काँक्रीटचा तिरपा टेकू, वरून न दिसेल असा मातीखाली. जमीन इथं मुरमाची, फुगणारी नाही, म्हणून सिमेंट चाललं. मामांना त्यांचं शिमिट एका बाजूला का होईना मिळालं आणि त्यांनी दगडांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, इतक्या नेटक्या भरल्या की काका येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होते. रस्त्यावरचं पाणी आता खांडक्यांना लागून फाटकाजवळच्या गटाराकडे वळतं, वाफ्यात शिरत नाही.

पश्चिम बाजू: कड नसलेली कड

कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस. पन्नासेक किलोमीटरवर गगनबावड्यात याच्या कितीतरी पट पडतो, त्यामुळे आपल्याला आपला पाऊस कमीच वाटतो. पण त्यातला बराचसा जुलै-ऑगस्टमध्ये सलग येतो, आणि मुरमाचा वाफा काळ्या मातीला टेकतो तिथं पाणी थांबतं, कारण काळी माती ते आत घेत नाही. या बाजूला कुठलीही सलग रेघ म्हणजे बांध. म्हणून रेघच काढली नाही.

घाटात कड्याच्या पायथ्याशी दगड कसे पडलेले असतात ते आठवा. मोठे आधी थांबतात, लहान पुढं घरंगळतात, आणि दगड कुठं संपले आणि माती कुठं सुरू झाली हे सांगता येत नाही. तसंच केलं. सगळ्यात मोठे सहा गोटे निवडून दोन-तृतीयांश गाडले, रुंद बाजू खाली. त्यांच्या मध्ये वीतभर फटी सोडल्या आणि त्यांत खाली जाडी खडी, वर बारीक. फटींच्या पुढं मुठीएवढे दगड विखरून टाकले, परसबागेच्या दिशेनं विरळ होत जाणारे. आधी मामांनी सवयीनं ते एका अंतरावर, रांगेत ठेवले होते. त्यांना सांगितलं, "मामा, घमेलं उलटं करा आणि पडतील तिथं राहू द्या." पडलेल्यांतले तीन-चारच उचलून बाजूला सारावे लागले. फटींत चिनी गुलाब आणि रेन लिली. कुजलेल्या अडेनियमच्या जागी काही लावलं नाही; ती जागा पाण्याची आहे.

परसबागेची माती आणि खडी यांच्यामध्ये जिओटेक्स्टाईलचा, म्हणजे पाणी जाऊ देणाऱ्या पण माती अडवणाऱ्या कापडाचा, हातभर रुंद पट्टा खाली घातला आहे, नाहीतर एका पावसाळ्यात काळी माती खडीत मिसळते आणि निचऱ्याची वाट बंद होते.

दक्षिण बाजू, आणि कोपरे

भिंतीकडे काहीच लावलं नाही. विटा काढल्या, दीड फूट पट्टा मोकळा सोडला, त्यात खडी. मातीचा ढीग भिंतीला टेकला की ओल चढते, आणि मागं जाऊन तण काढायला माणसाला पाय ठेवायला जागा लागते. एवढं पुरे.

कोपऱ्यांबद्दल मात्र बोलायला हवं, कारण चार बाजूंना चार सामानं लावली की काम तिथंच बिघडतं. लोखंडी पट्टी घडीव दगडाला जिथं भेटते तिथं ती दगडाला समोरून टेकवली असती तर दोघांमध्ये फट राहिली असती, आणि हरळीला तेवढी पुरते. पट्टी शेवटच्या खांडकीच्या मागून ८ इंच आत नेली आणि टोक मातीत बुडवलं. वरून बघणाऱ्याला पट्टी दगडामागं नाहीशी झालेली दिसते. पश्चिमेच्या कोपऱ्यात ती एका मोठ्या गोट्याखाली संपते. गोटा आधी बसवून पट्टी नंतर त्याला जुळवत बसलो असतो तर फट राहिलीच असती, म्हणून क्रम उलटा ठेवला.

काम दिवाळीनंतर केलं. काकांना मेमध्ये हवं होतं, पावसाच्या आत. पण मेमधली भेगाळलेली काळी माती म्हणजे आकसून लहान झालेली माती. तिच्यावर बसवलेले गोटे जूनमध्ये ती फुगली की वर-खाली होतात. पावसानंतर ओल असते, माती पुरती फुगलेली असते, आणि पट्टी चार घावांत आत जाते.

पुढच्या पावसाळ्यानंतर

पूर्वेची कड जागची हलली नाही. एकदा चाक घासून गेलं, खांडकीवर काळा ओरखडा आहे. पश्चिमेला दोन गोटे कलले आणि थोडी बारीक खडी परसबागेत उतरली. काकांनी पहारीनं गोटे सरळ केले, खडी पंजानं मागं ओढली. पाणी तुंबलं नाही. उत्तरेला पट्टीखालून काही आलं नाही, पण वरून वेल येतच राहिले. पावसाळ्यात दर पंधरवड्याला कडेनं कात्री फिरवावी लागते. एक इंचाऐवजी तीन इंच वर ठेवली असती तर वेल कमी आले असते, पण मग ती कड नुसती दिसली नसती, डोळ्यात खुपली असती आणि पायातही आली असती. ही देवघेव काकूंनी समजून केली.

नागरमोथ्याला यातल्या कशानंच फरक पडलेला नाही. तो कडेवरून आलेलाच नव्हता, मुरमाबरोबर आला होता. त्याच्या गाठी पट्टीच्या खालीही जाऊ शकतात आणि त्याचं टोकदार अंकुर प्लॅस्टिकच्या कागदालाही भोक पाडून वर येतं. खडीखाली कागद अंथरा असा सल्ला काकूंना शेजारून मिळाला होता. कागदानं निचरा गेला असता आणि नागरमोथा राहिलाच असता. सध्या उपाय एकच चालू आहे: पाऊस पडून गेला की माती मऊ असताना अरुंद खुरप्यानं गाठीसकट उपटायचं, पुन्हा आला की पुन्हा. वाफ्याच्या वरच्या अर्ध्या भागात तो विरळ झालाय. खाली, गोट्यांच्या फटींत, अजून भरपूर आहे.